गुंडेराव मोटार घेऊन आले तेव्हा

“सारं गाव वेशीपर्यंत सामोरं आलं न्हाई, तर मिशी उतरून ठेवतो!”

गुंडेरावांनी हे खाजासाबला मन्नाएखेळ्ळीच्या सडकेला, लिंबाखाली उभं राहून सांगितलं. सांगताना त्यांनी मिशीवरून असा हात फिरवला, की तीही मोटारीचाच एखादा भाग असावी आणि नुकतीच तेलपाणी करून बसवलेली असावी! खाजासाब मोटारीखाली उताणा पडला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. पाय काही बोलले नाहीत.

मोटार लष्करी होती. मोठी लढाई संपली, गोरे सोजीर आपापल्या मुलखाला गेले आणि त्यांचं सामान सिकंदराबादच्या छावणीच्या आवारात तसंच राहिलं. बूट, तंबू, कढया आणि मोटारींच्या रांगाच्या रांगा! त्यांचा लिलाव लागला. गुंडेराव गेले होते गुळाची पेठ बघायला. परतले ते मोटारीचे मालक होऊन. त्यांची मोटार रांगेत सगळ्यात शेवटी उभी होती. तिच्या चाकात बाभळ उगवली होती आणि टपावर कसलासा वेल चढला होता. लिलाव पुकारणाऱ्यानं तिच्याकडं बोट दाखवताना मान दुसरीकडं वळवली होती. पण गुंडेरावांना ती बघताक्षणी पसंत पडली. त्यांचं लग्नसुद्धा इतक्या झटपट ठरलं नव्हतं.

आवाराच्या पहारेकऱ्याला बहुधा त्यांची दया आली. त्यानं मोटारीबरोबर एक खाकी ओव्हरकोट आणि एक उंच टोपी दिली. दोन्ही गुंडेरावांना थोडी मोठीच होती. गुंडेराव म्हणाले, “लष्करी माप असंच असतंय.”

खाजासाबनं ओळखीच्या लॉरीमागं दोर बांधून मोटार मन्नाएखेळ्ळीपर्यंत ओढत आणली. लढाईत तो ब्रह्मदेशाकडं इंग्रजांची मोटार हाकून आला होता. परतल्यावर सडकेच्या कडेला शेड टाकून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करत होता. माणूस कमी बोलायचा. बोलला तर ऐकावं असं बोलायचा. गुंडेराव नेमकं तेवढं ऐकत नसत.

मल्लेवाडीत यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. गुंडेरावांनी मुद्दाम पत्ता लागू दिला नव्हता. कारण ऑइल इंजिनाचं प्रकरण! काही वर्षांपूर्वी त्यांनी विहिरीवर बसवायला वाजतगाजत ऑइल इंजिन आणलं होतं. गावानं त्याला हार घातला, नारळ फोडला. इंजिन एकदा खोकलं, धुराचं एक वेटोळं सोडलं आणि कायमचं गप्प झालं. आता त्यात कोंबड्या अंडी घालत. तेव्हापासून मल्लेवाडीत बैल नांगराला अडला, जावई रुसून बसला, किंवा म्हातारं खाटेवरून उठेना, की लोक म्हणत, “ह्याचं गुंडेरावाचं इंजिन झालंय.” आठ-दहा कोसांत हा शब्द पसरला होता. म्हणून या खेपेला आधी मोटार, मग बोलणं! ती आपल्या पायांनी वेशीतून आत जाईपर्यंत कुणाला, अगदी सत्यभामाबाईंनासुद्धा, काही सांगायचं नाही. “गुळाच्या कामानं मन्नाएखेळ्ळीला जायलोय,” एवढंच ते बायकोला सांगत. बाई म्हणत, “एवढा गूळ मुंग्या तरी खात्यात का?”

मोटारीनं मात्र खाजासाबचा अंत बघितला. टाकीत गंजाचा लगदा, गादीत उंदरांची चार घरं, तारा कुरतडलेल्या. रोज काहीतरी उघडायचं, रॉकेलमध्ये धुवायचं, परत बसवायचं. गुंडेराव शेजारी बसून हातात पाना देत. मागितला त्यापेक्षा दुसराच देत. शेवटी एका दुपारी रस्त्यावरच्या माणसांना बोलावून तिला ढकललं. ती खोकली. मग शिंकली. मागच्या नळीतून आधी गांधीलमाश्यांचं अख्खं पोळं बाहेर पडलं, त्यामागून काळा धूर निघाला, आणि मोटार सुरू झाली! ढकलणारे गांधीलमाश्यांच्या भीतीनं चारी दिशांना पांगले. गुंडेराव जागचे हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धुरानं, असं त्यांनी खाजासाबला सांगितलं.

एकच खोड राहिली. बॅटरी मेलेली, आणि हँडल मारायच्या जागेचा दात झिजलेला. त्यामुळं मोटार एकदा बंद पडली, की दहा माणसांनी ढकलल्याशिवाय सुरू होत नव्हती.

“दहा?” गुंडेराव हसले. “अरे, आमच्या गावात शंभर धावतील!”

खाजासाब हात पुसत म्हणाला, “सावकार, रंग बदल डालेंगे. पीला कर देंगे. ये मिल्ट्री का रंग है. दिनाँ खराब हैं.”

“पिवळा? मोटार हाय का हळदीची नवरी?”

दिवस खराब होते हे खरंच होतं. निजामाच्या राज्याचं पुढं काय होणार, हे कुणालाच कळत नव्हतं. गावोगाव रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या. कुठल्या गावात काय झालं, याच्या बातम्या बाजाराच्या दिवशी कुजबुजत येत. मल्लेवाडीत कधी मोटार आलेलीच नव्हती. आली तर ती चांगल्या कामाला येणार नाही, एवढं लहान पोरालाही कळत होतं. म्हणून महिन्याभरापूर्वी मारुतीच्या देवळापुढं सभा झाली होती. आणि त्या सभेत सगळ्यात जास्त वेळ कोण बोललं? गुंडेराव!

“मोटारीचा आवाज आला की हलगी वाजायची,” ते म्हणाले होते. “हलगी वाजली की चुलीवरचं चुलीवर टाकायचं अन् ज्वारीत शिरायचं. मागं वळून बघायचं न्हाई. अन् ध्यानात ठेवा, हे लोक नावं काढून येत्यात. नाव घेऊन हाक मारतील, गोड बोलतील, म्या तुमचाच माणूस म्हणतील. ओ द्यायची न्हाई!”

“अन् खराच आपला माणूस असला तर?” रामलिंग धनगराच्या बाणूबाईनं विचारलं.

“तरी न्हाई! सख्खा भाऊ असला तरी न्हाई!”

लोकांना ते फार पटलं. इंजिनानंतर प्रथमच गावानं गुंडेरावांच्या बोलण्याला मान डोलावली. बुरजावर पहाऱ्याला रामलिंगाला बसवलं, शेजारी हलगी ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, ज्या माणसानं हे सांगितलं तोच लष्करी मोटार घेऊन गावात कसा शिरला? तर त्याचं असं, की सभेतली ती मोटार आणि लिंबाखालची ही मोटार, या दोन्ही गुंडेरावांच्या मनात कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. ती दुष्टांची होती, ही त्यांची होती. एवढा उघड फरक माणसांना दिसणार नाही, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

माघाचे दिवस. हवेत गारवा होता, म्हणून त्यांनी ओव्हरकोट घातला. टोपी मात्र गारव्यासाठी नव्हती. दुपार कलताना मोटार सडक सोडून मल्लेवाडीच्या गाडीवाटेला लागली. दोन्ही बाजूंना शाळूची ज्वारी पुरुषभर वाढलेली, कणसं भरलेली. गुंडेराव ताठ बसून होते. खाजासाबच्या शेजारून हात घालून ते मधूनमधून हॉर्न वाजवत. हॉर्नचा आवाज रेड्याच्या घशात हाड अडकावं तसा होता.

वेस अजून बरीच लांब होती, तोच हलगी कडाडली.

“ऐकलंस?” गुंडेरावांनी खाजासाबच्या मांडीवर थाप मारली. “वाजतगाजत! कळलं बघ गावाला!”

खाजासाबनं कान देऊन ऐकलं. “शादी का बाजा नईं लगता, सावकार.”

“आमच्याकडं असंच वाजवत्यात.”

खाचखळग्यांतून रांगत मोटार वेशीत पोचली, तर तिथं कुणी नव्हतं. मारुतीच्या पारावर कुणी नव्हतं. एक कुत्रं भुंकत पुढं आलं, मोटार बघून मागच्या मागं गेलं. “सारे आमच्या घरापुढं जमले असतील,” गुंडेराव म्हणाले, पण या वेळी आवाज जरा खाली आला होता. घरापुढच्या मोठ्या अंगणात मोटार शिरली. अंगण उताराचं. “तिथं कडबा पसरलाय बघ, त्याच्यावर घे,” गुंडेराव म्हणाले. “शेण लागायला नको चाकांना.” खाजासाबनं पुढचं चाक कडब्यावर नेलं. पेट्रोल मोजकंच उरलं होतं. ढकलायला शंभर माणसं आहेत म्हणून त्यानं इंजिन बंद केलं.

आणि मग गुंडेरावांना ऐकू आलं, की गावात काहीच ऐकू येत नाही.

ते घरात गेले. तव्यावर भाकरी जळून कोळसा झाली होती. परातीत पीठ तसंच. उंबऱ्यात सत्यभामाबाईंची एकच चप्पल उपडी पडली होती. शेजारच्या घरात पाळणा वाऱ्यानं हलत होता, आत काही नव्हतं. गुंडेरावांनी तवा खाली उतरवला. हात भाजला. तो तसाच धरून ते उंबऱ्यावर बसले. माणसं भ्यायली होती. आपल्याला भ्यायली होती! आपल्या घरातून, आपल्याला भिऊन, आपली बायको एका पायात चप्पल घालून पळाली होती. सभेतलं आपलं सगळं बोलणं त्यांना शब्दन् शब्द आठवलं. बोललो होतो तेही किती ठासून!

मग दुसरीच गोष्ट मनात आली आणि ते ताडकन उठले. आई! राजूबाईंचे गुडघे धरलेले. अंगणातून ओसरीवर यायला त्यांना कुणाचा तरी हात लागायचा. तिला कुणी उचललं? उचललं का?

“खाजा, तू हितंच थांब!” म्हणून ते शेताकडं धावत सुटले. अंगावरचा कोट काढायचं भान त्यांना राहिलं नाही.

“सत्यभामे! अगं मी हाय, मी!”

ज्वारी गप्प.

“रामलिंग! बाणूबाई! अरे बाहेर या, मी तुमचाच माणूस हाय!”

ज्वारी आणखी गप्प झाली. गुंडेरावांच्या लक्षात आलं, की आपण खाकी घालून, नावं घेऊन, गोड आवाजात बोलतोय. सांगितलं होतं अगदी तस्संच! गावानं त्यांचं एवढं ऐकल्याचं आजवर कधी झालं नव्हतं. ते पुन्हा ओरडणार, तोच सूं करून गोफणीचा धोंडा आला आणि टोपी उडाली. रामलिंगाचा नेम चुकत नसे. ज्वारीवरून टोपी तेवढीच दिसत होती, आणि ती उंच होती म्हणून डोकं राहिलं.

“मारू नकोस! गुंडेराव हाय मी!”

आतून कुजबुज. मग बाणूबाईचा आवाज, “बोलतंय तर त्याच्यावानीच. शिकून आलंय मुडदं.”

“त्याला इंजिनाचं इच्चार,” रामलिंग म्हणाला. मग मोठ्यानं, “ए! गुंडेराव असशील तर सांग, तुझ्या इंजिनाचं काय झालं?”

इतकी वर्षं हा प्रश्न गुंडेरावांनी टोलवला होता. पण आईची काळजी काळीज कुरतडत होती. ते खालच्या आवाजात म्हणाले, “बिघडलं. पहिल्याच दिवशी बिघडलं. फसवलं मला त्या माणसानं. मला त्यातलं काही कळत न्हाई.”

ज्वारीत खळबळ उडाली. “ह्यो गुंडेराव न्हाई!” बाणूबाई ओरडली. “गुंडेराव मरंल, पण असं म्हणायचा न्हाई! घाल रे दुसरा धोंडा!”

“थांबा!” गुंडेराव जिवाच्या आकांतानं ओरडले. “इंजिन झकास हाय! तेलच भेसळीचं होतं!”

“हां!” ज्वारीतून एकदम दहा-बारा तोंडांनी सुस्कारा सोडला. “आपलाच हाय.”

एकेक डोकं वर आलं. केसांत पाचोळा, काखेत बोचकी, कडेवर पोरं. कुणी हसत नव्हतं. एका म्हाताऱ्यानं काखेतलं बोचकं अजून खाली ठेवलं नव्हतं. सत्यभामाबाई पुढं आल्या, एका पायानं अनवाणी. पायातून रक्त येत होतं. त्यांनी नवऱ्याला खालून वर बघितलं.

“हे काय घातलंय?”

“कोट.”

“अन् मोटार कुणाची?”

“आपली.”

बाई खाली बसून तळपायातला काटा उपसू लागल्या. गुंडेरावांना वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. “आई कुठाय?” त्यांनी विचारलं.

बाई सांगणार, तोच गावाकडून कुणीतरी ओरडत, हात हलवत, तीरासारखं धावत आलं. सगळी डोकी परत ज्वारीत गडप! तो खाजासाब होता. लढाईत बाँब पडताना मोटार हाकलेला माणूस, पण आता तोंड पांढरं पडलं होतं.

“सावकार! गाडी में बुड्ढी है! नीच्चे से बोलरी! ‘वारा येईना, वारा येईना’ बोलरी! लडाई की गाडी है, किसकी तो बी रूह है उसमें!”

सत्यभामाबाईंनी नवऱ्याचा कोट धरला. “मोटार कुठं उभी केली तुम्ही?”

“अंगणात.”

“अंगणात कुठं?”

“कडब्यावर. चाकं खराब होतील म्हणून.”

“अवं, त्याच्याखाली पेव हाय की! ज्वारीचं! रिकामं होतं, वारं लागू दिलेलं होतं. आत्याबाईंना उचलून पळता येईना म्हणून त्यांना आत बसवलं मी. वर फरशी सरकवली, वाऱ्याला फट ठेवली अन् वरून कडबा पसरला!”

पुढं कोण कसं धावलं हे कुणालाच सांगता आलं नाही. कोट पायात येऊन गुंडेराव पडले, उठले, पुन्हा पडले. त्यांच्यामागं सारं गाव धावत होतं. त्यांना हवं होतं तसं, वेशीतून, मोटारीकडं!

अंगणात खाजासाब मोटारीखाली पालथा झाला आणि कडबा बाजूला केला. शहाबादी फरशीवर पुढचं चाक बरोबर बसलं होतं. वाऱ्याची फट चाकाखाली दबलेल्या कडब्यानं बुजली होती. आणि फरशीवर एका कोपऱ्यापासून मधोमध केसाएवढी चीर गेली होती.

“आई!” गुंडेरावांनी जमिनीला तोंड लावून हाक मारली.

आतून आवाज नाही. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, असं सुनेनं बजावून ठेवलं होतं.

“इंजन नक्को,” खाजासाब म्हणाला. आता त्याचा आवाज शांत होता. “हिसका लगा तो फत्तर टूटता. हात से ढकलो. हल्लू... एकदम हल्लू.”

माणसं लागली. बायका लागल्या. गुंडेराव मधोमध, मोटारीला खांदा लावून. मोटार बोटभर सरकली. फरशी कुरकुरली. गुंडेराव आयुष्यात देवाशी फारसं बोलले नव्हते. आता ते एकाच दमात त्याला काय काय देऊ करत होते, आणि त्यात मोटार पहिली होती! आणखी बोटभर. आणखी. चाक फरशीच्या कडेवरून उतरून मातीत टेकलं.

मोटार मात्र थांबली नाही. हाकायच्या जागेवर कुणी बसलंच नव्हतं. उताराला लागली आणि कुणी न हाकता, मोठ्या डौलानं, दावणीवरून, तुळशीजवळून गेली आणि उकिरड्यात नाक खुपसून उभी राहिली. तिच्याकडं कुणी वळून बघितलं नाही. गुंडेरावांनीही नाही.

चौघांनी फरशी उचलली. रामलिंग पेवात उतरला आणि राजूबाईंना खांद्यावर घेऊन वर आला. म्हातारीच्या पदरावर, केसांवर ज्वारीचा भुसा होता. ओठ सुकले होते, पण जीव शाबूत होता. तिला जमिनीवर बसवलं. उजेडानं तिचे डोळे मिटमिटले आणि समोर तिला पहिल्यांदा दिसला तो खाकी कोट.

तिनं हात जोडले.

“साब,” ती म्हणाली, “घर में कुच नईं जी.” तिचं उर्दू तिथंच संपलं. “दाणे न्यायचे तर न्या. शिंक्यावर लोणी हाय, ते बी न्या. पण माझ्या ल्योकाला काही करू नका, बाबा. गुंड्या नाव हाय त्याचं. कुठं गावला तर सोडून द्या. लई बोलतोय, पण त्याच्या बोलण्यात काही नसतंय. शाना दिसतोय, पण खुळा हाय. कुणी काही विकायला आणलं की घेतोय. मनानं वाईट न्हाई. बाप लवकर गेला, म्या एकलीनं वाढवला. लाड जरा जास्तीच झाले असतील, ती चूक माझी. त्याला मारू नका.”

बाणूबाईनं पदर तोंडाला लावला; हसू दाबायला की रडू, ते तिलाही कळलं नसेल. गुंडेरावांना ‘आई’ म्हणायचं होतं. पण हात आधी कोटाची बटणं शोधू लागले.

शेवटी सत्यभामाबाई खाली वाकून म्हणाल्या, “आत्याबाई, अवं हेच की ते!”

राजूबाईंनी कपाळाला हात लावून सावली केली. कोट बघितला. मग हात पुढं करून गुंडेरावांचं तोंड चाचपलं, मिशी चाचपली, कान चाचपला.

“गुंड्या?”

“व्हय, आई.”

“मोटार तूच आणलीस?”

“व्हय.”

म्हातारीनं उकिरड्याकडं एकदा बघितलं. मग सुनेकडं वळून म्हणाली, “मग मी काय खोटं सांगितलं?”